उंबरठ्यावरची फटफटी

माझी शाळा चौथीपर्यंतची. तीही कुंभार पिंपळगावला मारुतीच्या पारावर भरायची आणि पाऊस आला की सुटायची. त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे मी आजही अंदाजानेच ठरवते. अक्षराचं तर विचारूच नका. मी लिहून दिलेली सामानाची चिठ्ठी आमचे हे दुकानात उघडायचेच नाहीत, घरून निघतानाच माझ्याकडून वाचून घ्यायचे. म्हणून आधीच सांगते, हे कोणासाठी लिहिलेलं नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्या आणि लागेल तेवढं वाचावं.

लिहिते आहे ते मांजींबद्दल. मांजी म्हणजे जालन्याला मस्तगडात आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घरमालकीणबाई. त्यांच्या सासरचे लोक फार पूर्वी राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालेले. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सगळी गल्ली मांजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. आमचे हे कापडाच्या दुकानात नोकरीला होते, सकाळी गेले की दिवे लागल्यावर यायचे. दिवसभर त्या घरात मांजी आणि मी.

इतकी वर्षं एका अंगणात राहून मला त्या बाई कळल्या नाहीत. तेव्हा वाटायचं, आपण वयाने लहान आणि खेड्यातल्या, म्हणून कळत नसेल. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले. तरी नाही कळत.

वाटीचंच घ्या. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मांजी रिकामी द्यायच्या. घासून पुसून लख्ख केलेली, पण रिकामी. पहिल्यांदा मी त्या वाटीत बघतच राहिले. वाटलं, आपलं काही चुकलं असेल, राग असेल.

"काय बघून राह्यली, बिनणी?" मांजी म्हणाल्या. बिनणी म्हणजे त्यांच्यात सून. "वाटी घेतली, वाटी दिली. बराबर."

आणि मी त्यांच्या वाटीत साखर घालून दिली, तर त्यांनी ती कागदावर ओतली, पुडी बांधली आणि माझ्या हातात ठेवली. "हे तुझं."

किंवा त्यांचं बोलणं. देवाशी त्या मारवाडीत बोलायच्या, माणसांशी मराठीत, आणि फटफटीशी हिंदीत.

फटफटी सांगायची राहिलीच. मोठ्या दरवाज्यातून आत आलं की जी झाकलेली जागा असते, तिला आमच्याकडे ढाळज म्हणतात. त्या ढाळजेत एक काळी फटफटी उभी असायची. अंगावर मांजींच्या नवऱ्याची जुनी रजई. रोज अंघोळ झाली की मांजी आधी रजई काढून फटफटी पुसायच्या आणि मग देवघरात जायच्या. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलंच, "मांजी, आधी देव पुसावं न्हाई का?"

"देव माझा हाय, तो थांबतो," मांजी म्हणाल्या. "ही लोकाची हाय."

पुसता पुसता तिच्याशी बोलणं चालायचं. "सो गयी क्या, बेटी? उठ जा. आज धूप अच्छी है." मी पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. मग एकदा धीर करून म्हटलं, "मांजी, तिच्याशी मराठीत काहून बोलत न्हाई?"

"तिला कुठं येतं?" त्या म्हणाल्या. "तिचा मालक असाच बोलायचा. सवय मोडली तर तो आल्यावर त्याचं ऐकंल का ती?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू आलं तर हसायचं असं ठरवलं होतं. पण तिथे हसू नव्हतं.

मालक म्हणजे शिलाई मशिनीचा एजंट. हैदराबादकडचा माणूस, उर्दू बोलायचा, आमच्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचा. अंबड, घनसावंगीकडच्या गावांत हप्त्याने मशिनी द्यायच्या आणि फटफटीवर फिरून हप्ते गोळा करायचे, हा त्याचा धंदा. मी नवी सून, तोंडावरून पदर ओढून असायचे, त्यामुळे मला त्याची पाठ तेवढी माहीत. आणि आवाज. सकाळी फटफटीला लाथ मारताना तो म्हणायचा, "चल बेटी, जल्दी." एवढं म्हटलं की ती बोलायला लागायची. मला तेव्हा खरंच वाटायचं की ती सांगितलेलं ऐकते.

पोलीस ॲक्शनच्या वर्षी गावोगाव धामधूम. हप्ते कोणी देईना, एजंटाचं भाडं थकलं. तशात हैदराबादेहून त्याच्या आईच्या दुखण्याचं कळलं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून रेल्वेने जायचं ठरलं. निघताना तो दरवाज्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मांजी, किराया बाकी है. गाडी रख लो. आके छुड़ा लूँगा."

"कधी?" मांजींनी विचारलं.

"जल्दी."

ती जल्दी काही होईना. एक दिवाळी गेली, दुसरी गेली, अशा पाच गेल्या. गल्लीतले लोक म्हणायचे, तो गेला तिकडेच, आता कशाला येतो. मांजी रोज फटफटी पुसत होत्या. दसऱ्याला गल्लीत ज्याची सायकल असेल तो सायकलीला झेंडूचा हार घालायचा. मांजी हिला हळदकुंकूही लावत नसत. म्हणायच्या, "काय लावायचं ते मालक लावंल."

मांजींचा एक पुतण्या होता, धान्याच्या मोंढ्यात त्याचं दुकान होतं. घराचे सगळे व्यवहार तोच बघायचा, त्यामुळे मांजींना त्याला सरळ नाही म्हणता येत नसे. एका गुरुवारी तो आला, चहा प्याला आणि फटफटीकडे बघत म्हणाला, "काकीसा, लोखंड सडून राह्यलं. भंगारवाला भाव देतो. तुमचं भाडं तरी निघंल."

"भाडं त्यानं द्यायचं हाय. भंगारवाल्यानं न्हाई."

"अहो, तो कुठं गेला कोणाला ठाव? एक कार्ड तरी आलं का?"

"कार्ड टाकतो म्हनला न्हवता. येतो म्हनल्ता."

पुतण्याने कपाळावर हात मारला. मग आवाज हळू करून म्हणाला, "काकीसा, ही मेली. मेलेलं कोणी घरात ठेवतं का?"

मांजींना कोणी काही म्हणालं तरी लागायचं नाही, पण हे लागलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "मेली न्हाई ती."

"मंग बोलवून दाखवा. इतवारी सकाळी मी भंगारवाल्याला घेऊन येतो. बोलली तर मी परत नाव काढणार न्हाई. न्हाई बोलली तर तो घेऊन जाईल."

"बोलंल," मांजी म्हणाल्या.

तो गेल्यावर मात्र त्या बराच वेळ रजईवरून हात फिरवत बसल्या. मला म्हणाल्या, "बिनणी, तो आला आन् म्हनला, मांजी, गाडी कुठं हाय? मंग मी काय दाखवू? भाड्याची पावती?"

शुक्रवारी मोटारस्टँडवरचा मिस्त्री आला. त्याने चाकांत हवा भरली, कायकाय खोलून फुंकलं, थोडंसं पेट्रोल घातलं. मग सीटखाली उजव्या बाजूला एक वेगळी टाकी होती, तिचं झाकण काढून आत काडी घातली आणि ती काडी मांजींपुढे धरली.

"अम्मा, ये तेल नहीं, डामर है. ऐसे में चालू करे तो इंजन जाम. दुकान पे लेके चलो, बदल देता मैं."

"दुकान पे नहीं. चौखट के बाहर मालिक लेके जाता."

"मालिक किधर है?"

"आता है."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्याचा कुठला ट्रक अंबडच्या रस्त्यावर बंद पडला होता, तिकडे त्याला जायचं होतं. तो वैतागून म्हणाला, "तो फिर तुम्हीच करो. नीचे का बोल्ट खोलो, काला निकालो, बोल्ट लगाओ, ऊपर से नया डालो. बस." एक पाना ठेवून गेला. नव्या तेलाचा डबा मात्र मांजींनी त्याच्याकडून त्याच दिवशी, ऊन असेपर्यंतच आणवून घेतला, कारण दुसरा दिवस शनिवार.

शनिवारी तेल विकत घेऊ नये, हे पुष्कळ घरांत पाळतात. मांजी त्याच्याही पुढच्या. शनिवारी तेलाचा थेंब त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडून आत येत नसे. कोणी डोक्याला तेल चोपडून आलं तर त्याला अंगणाबाहेर उभं करून बोलायच्या.

शनिवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी कामाला बसलो. मांजी म्हणाल्या, "बिनणी, तुझी परात दे." त्यांच्याकडे दोन पराती होत्या. मी माझी कणीक मळायची परात आणून टाकीखाली सरकवली. माझीच का, हे विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पाना लावून मांजी जोर करू लागल्या. जोर करत राहिल्या. माझ्या लक्षात आलं होतं की त्या उलट्या बाजूला फिरवत आहेत, बोल्ट आणखी घट्ट होतो आहे, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं? त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा मी म्हटलं, "मांजी, दुसरीकडून बघावं का?"

"कवापासून बघून राह्यली तू?"

"पहिल्यापासून."

"मंग तोंड काय उधार दिल्तं?"

बोल्ट निघाला. आधी काहीच आलं नाही. मग काळं, जाड, करपलेल्या काकवीसारखं तेल हळूहळू उतरायला लागलं. वास असा की माझं डोकं गरगरलं. मांजी मात्र उकिडव्या बसून एकटक बघत होत्या. "बाळंतपणात बसल्यावानी वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. ना त्यांना बाळंतपण ठाऊक, ना तेव्हा मला. दोघी बसलो.

सगळं उतरल्यावर मांजींनी तो बोल्ट पदराने पुसला. एवढीशी वस्तू, लोकाची, हरवली तर काय तोंड दाखवायचं, म्हणून त्या उठल्या आणि तो नेऊन देवघरात ठेवला, बाळकृष्णाच्या बाजूला. हात धुऊन आल्या. मी नरसाळं धरलं, त्यांनी नव्या तेलाचा डबा तिरपा केला. सोन्यासारखं तेल. खाली कसला तरी आवाज येत होता. मला वाटलं, फटफटी पिते आहे.

डबा संपत आला तेव्हा मी वाकून पाहिलं. वरून घातलेलं तेल खालच्या भोकातून सरळ परातीत पडत होतं, काळ्यात पिवळी धार. मी भोकात बोट घातलं. तेवढंच मला सुचलं. "मांजी, बोल्ट!"

मांजी देवघराकडे पळाल्या, बोल्ट आणला, बसवला. पण बसवून काय उपयोग? नवं आणि जुनं परातीत एक झालं होतं. डब्यात काही उरलं नव्हतं. आणि वार शनिवार.

मांजी जाऊन उंबरठ्यावर बसल्या. उंबरठ्यावर बसू नये म्हणून त्याच मला रागवायच्या. माझं बोट काळं झालं होतं, ते कुठे पुसावं ते मला कळत नव्हतं.

"मी या घरात आले," त्या म्हणाल्या, "तवापासून शनिवारी तेल आत आलं न्हाई. सासू गेली तो बी शनिवार होता. घरात तेल संपल्तं. तुपाचा दिवा लावला मी, पण तेल आणलं न्हाई."

"उद्या सकाळी आणलं तर?"

"पंप उघडायच्या आधी पुतण्या येतो का न्हाई बघ."

खरं होतं, तो पहाटेच यायचा. मी उभी राहिले. मला त्या घरात कधी काही सुचवायची सवय नव्हती, पण बोलून गेले, "फटफटीच भाईर नेली तर? भाईर तेल घालू."

"भाईर मालक नेईल."

"आन् तेल आत येणार न्हाई."

"न्हाई."

मग मांजी बसल्या जागेवरून खाली बघायला लागल्या. चांगलं वीतभर रुंद सागवानी लाकूड होतं ते, मधे झिजलेलं. त्यावरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, "बिनणी, हा उंबरठा आत हाय का भाईर?"

असला प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी खूप विचार केला. "माहीत न्हाई, मांजी."

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "मंग चालतंय."

राहिला प्रश्न, तेल आणायचं कोणी. मांजी शनिवारी तेल विकत घेणार नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे पाळतात का. माझ्या माहेरी करडीचं तेल वर्षाचं एकदाच घाण्यावरून यायचं, ते कोणत्या वारी यायचं हे कोणी बघितल्याचं मला आठवेना. "मंग तू आण," त्या म्हणाल्या. पैसेही दिले नाहीत. त्यांनी दिले असते तर ते त्यांनीच घेतल्यासारखं झालं असतं. "तुझे घाल. मालक देईल."

माझ्याकडे भाऊबीजेचे पैसे होते, भावाने ताटात घातलेले, पेटीत तळाशी. ते पदराला बांधले आणि निघाले. मस्तगडाच्या बाहेर मी तोवर एकटी कधी गेले नव्हते. पंपावर सगळे पुरुष. मी खांबाजवळ जाऊन उभी राहिले. पंपावरचा माणूस म्हणाला, "राकेल इथं न्हाई मिळत, बाई."

मी मान हलवली.

"मंग काय पाहिजे?"

"फटफटीचं तेल."

सगळे वळून बघायला लागले. एक ड्रायव्हर म्हणाला, "कोण चालवतं? तू का?" आणि हसला. माझ्या कानशिलात जाळ झाला. मी म्हटलं, "मांजींच्या घरची हाय." तसे हसणारे गप्प झाले. ती फटफटी सगळ्यांना माहीत होती. तोच ड्रायव्हर जरा वेळाने म्हणाला, "आला का तो?"

"येणार हाय," मी म्हटलं. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही.

परत आले तर मांजींनी मला डब्यासकट गल्लीतच थांबवलं. डबा ओट्यावर ठेवायला लावला, मग हात धुवायला लावले आणि आत घेतलं. उंबरठ्यावर फळी टाकली होती. मांजींनी हँडल धरलं, मी मागच्या चाकाला खांदा लावला, काळ्या रानात रुतलेल्या गाडीला लावतात तसा. ती हलली. पुढचं चाक गल्लीत उतरलं, मागचं ढाळजेत, आणि तेलाची टाकी बरोबर उंबरठ्यावर आली. मांजी तिला म्हणत होत्या, "डर मत बेटी, बाहर नहीं जा रहे."

आता दार तिने अडवलं. मी मागच्या बोळातून वळसा घालून गल्लीत आले. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मी बाहेरून हात लांब करून तेल ओतत होते, मांजी आतून नरसाळं धरून होत्या, दुसरा हात खाली बोल्टवर. एक हातगाडीवाला थांबला होता, तो ओरडला, "मांजी, आत घ्या न्हाई तं भाईर काढा. रस्ता अडला ना!"

"थांब जरा," मांजी म्हणाल्या. "पोट भरून राह्यली ती."

शेवटी एक थेंब लाकडावर पडला. मांजींनी तो खूप वेळ पाहिला. मग पदराच्या टोकाने बाहेरच्या बाजूला पुसून टाकला.

ती रात्र फटफटीने उंबरठ्यावरच काढली; शनिवार सरल्यावर, इतवारी अंधारातच आम्ही ती आत ओढली. मग पुतण्या आला, बरोबर भंगारवाला, धिप्पाड माणूस. पुतण्याने धोतर खोचून लाथा मारल्या. फटफटीने नुसता ढेकर दिल्यासारखा आवाज केला. अजून मारल्या. काही नाही. त्याला धाप लागली. "बघा, काकीसा. म्हनलं न्हवतं मी?"

भंगारवाला वजनाचा अंदाज घेत तिच्याभोवती फिरला, टाकीवर थापटी मारली आणि म्हणाला, "मी बघतो एकदा." त्याने पाय ठेवला. तेवढ्यात मांजी पुढे झाल्या, फटफटीच्या दिव्याजवळ वाकल्या आणि एजंट म्हणायचा तसंच म्हणाल्या, "चल बेटी, जल्दी."

आणि ती बोलली. असा आवाज की माझ्या फळीवरची भांडी खाली आली. ढाळजेत धूरच धूर, चिमण्या उडाल्या, बायका पळाल्या. पुतण्या खोकत बाहेर गेला. भंगारवाला हसत होता. "सेठ, हे भंगार न्हाई. मी न्हाई घेत."

मांजी ओरडत होत्या, "बस झालं! बंद करा! त्याचं पेट्रोल जळून राह्यलं!"

पण बंद कशी करायची हे कोणालाच माहीत नव्हतं. भंगारवाल्याने हे दाबलं, ते ओढलं, तशी ती जास्तच ओरडायला लागली. शेवटी सगळे बाजूला उभे राहून बघत राहिलो. पेट्रोल संपलं तेव्हा ती आपणहून गप्प झाली. मांजींनी तिच्यावर रजई घातली. पुतण्याने दिलेला शब्द पाळला, परत कधी नाव काढलं नाही.

परात मांजींनी राखेने, चिंचेने घासून परत दिली. रिकामी. तरी पुढे कित्येक दिवस भाकरीला वास यायचा. हे विचारायचे, "आज पिठात काय पडलं?" मी म्हणायचे, काही नाही. परातीतलं काळं तेल मात्र मांजींनी फेकलं नाही. लोणच्याच्या बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी फटफटीखाली ठेवली.

माझ्या पैशांचं त्या काही बोलल्या नाहीत. मी वाट बघितली. चिमूटभर साखर पुडी बांधून परत देणारी बाई, आणि माझ्या भाऊबीजेचं नावसुद्धा नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती. कधी राग यायचा, कधी वाटायचं त्या विसरल्या, कधी वाटायचं मीच हिशेब चुकते आहे, कारण पैसे त्यांनी घेतलेच कुठे होते?

पुढे पुष्कळ वर्षं गेली. निजामाचे हाली रुपये बंद झाले, सगळीकडे हिंदुस्थान सरकारचे कलदारच आले, मग नवे पैसे आले. एका दुपारी मी ढाळजेत डाळ निवडत बसले होते. दरवाज्यात कोणी तरी उभं राहिलं. चष्मा, पिकलेली दाढी, हातात मिठाईचा पुडा. मी पदर ओढला. तो माणूस आत येईना. रजईकडे बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "बेटी."

मी डाळ टाकून आत पळाले. मांजी बाहेर आल्या. मला वाटलं रडतील, ओरडतील, काही तरी होईल. त्या म्हणाल्या, "आला का? चाय घे."

त्याने सांगितलं ते असं. आई दीर्घ दुखण्यात गेली. हा स्वतः आजारी पडला. भाड्याचे पैसे त्याने पहिल्याच वर्षी जमवून रुमालात बांधून ठेवले होते, पण यायला जमेना, आणि जसजसा उशीर झाला तसतशी यायची लाज वाटायला लागली. हाली बंद होताना ते बदलून घ्यायला हवे होते, पण मांजींच्या नावचे पैसे सोडवत नव्हते. आता ते चालत नाहीत, म्हणून त्याने तेवढ्याचे कलदारही आणले होते.

तोवर पुतण्याला कळलं, तो धावत आला. मांजींनी रुमाल उघडला, हाली रुपये मांडीवर घेतले आणि कलदार त्याला परत दिले. मिठाईही.

"काकीसा!" पुतण्या किंचाळला. "ते हाली चालत न्हाईत!"

"मी कुठं चालवणार हाय? भाडं हालीत ठरल्तं. हाली आले. बराबर."

पुतण्या भिंतीला टेकून खाली बसला. एजंट काही तरी बोलणार होता, पण मांजींनी खालची बरणी काढून त्याच्या हातात दिली. "हे तुझं तेल."

तो बरणीकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग परत बरणीकडे. "ये भी?"

"तुझंच हाय. यात नवं मिसळलं, ती चूक माझी, त्याचे पैसे माझे गेले. धर नीट, सांडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजी अंघोळ करून, हातात फडकं घेऊन ढाळजेत आल्या होत्या. रिकाम्या जागेपुढे जरा उभ्या राहिल्या. मग तिथली फरशी पुसली, रजई घडी केली आणि देवघरात गेल्या. त्या दिवशी देवाशी त्या हिंदीत बोलल्या. मी कानाने ऐकलं. का, ते माहीत नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी एजंटाने फटफटी ढकलत दारात आणली. पुढचं चाक गल्लीत उतरलं, टाकी उंबरठ्यावर आली, तशा मांजी म्हणाल्या, "थांब."

तो थांबला. मी भिंतीआड उभी होते. मांजींनी मला हाताला धरून पुढे ओढलं.

"आत जे तेल हाय, ते हिनं आणलं. शनिवारी, हिच्या भाऊबीजेच्या पैशानं. ते दिल्याशिवाय भाईर नेता येनार न्हाई."

त्याने विचारलं किती. मला आकडा पाठ होता, पण मी पदरच पुढे ओढला. मांजींनीच सांगितला, रुपये आणि वरचे आणेसुद्धा. मी त्यांना तो कधी सांगितलाही नव्हता. पंपावर जाऊन विचारला असेल का? त्या शनिवारी की नंतर? आणि मग इतकी वर्षं रोज माझ्यासमोर फिरताना तो मनात धरून होत्या? मला काहीच कळेना.

एजंटाने फटफटी मांडीने तोलून धरली, खिशातून पैसे काढले, आण्यांचे नवे पैसे किती ते पुटपुटत हिशेब केला आणि माझ्या हातावर ठेवले. वर आणखी एक रुपया ठेवला. मांजींनी तो रुपया माझ्या हातावरून उचलला आणि त्याच्या खिशात टाकला. मग माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

"बघ, बिनणी. पुरे आले का?"

"आले, मांजी," मी म्हटलं.

"बराबर," त्या म्हणाल्या, आणि फटफटीच्या मागच्या चाकाला हात लावून तिला बाहेर लोटलं.